वाड्यातून निघालेली चित्रं लिलावात विकायची आहेत?

प्रश्न असा आला आहे: वाईजवळच्या एका गावात जुना वाडा पाडत होते. तिथलं सामान उचलणाऱ्या भंगारवाल्याकडून चार चौकटी अकरा हजारांत घेतल्या. एक जलरंगातलं चित्र, नदीवर पाणी भरणाऱ्या नऊवारीतल्या बायका, खाली उजवीकडे इंग्रजीत एम. व्ही. धुरंधर अशी सही आणि १९१९ हे साल. दोन रविवर्मा छापाची देवादिकांची चित्रं. त्यांतल्या लक्ष्मीच्या साडीवर जर आणि टिकल्या चिकटवलेल्या. चौथं, पगडी घातलेल्या गृहस्थांचं मोठं तैलचित्र, सही नाही. मुंबईच्या लिलावगृहात ही विकता येतील का, किती येतील, आणि सुरुवात कुठून करायची?

चौथ्या चौकटीपासून सुरुवात करतो, कारण लिलावाच्या दृष्टीनं ती जवळजवळ निरुपयोगी आहे आणि तरीही तुमच्या हातातलं सगळ्यात कामाचं पान तेच आहे. चित्रकार कोण माहीत नाही, गृहस्थ कोण माहीत नाही. दुसऱ्याच्या पणजोबांना आपल्या दिवाणखान्यात कोण टांगणार? शिवाय ते खरंच तैलचित्र आहे का, हेही बघा. त्या काळी फोटो मोठा करून त्यावर रंग चढवायची पद्धत सर्रास होती. चेहरा फोटोसारखा नेमका आणि उपरणं, हात, खुर्ची मात्र ढोबळ, असं दिसलं तर संशय घ्या. खिडकीशी तिरप्या उजेडात धरा: कॅनव्हासचा पोत कुठेच दिसत नसेल आणि रंग सपाट, पातळ असेल, तर खाली बहुधा फोटोच आहे. अशा चित्रांनाही हौशी संग्राहक आहेत, पण त्यासाठी मुंबई गाठायचं कारण नाही.

त्या घराण्याला मात्र हे चित्र अमोल आहे. वाडा पाडताना एका भावानं सगळं भंगारात दिलं आणि पुण्याच्या किंवा ठाण्याच्या भावाला पत्ताही नाही, ही नेहमीची कथा. तुम्ही त्या घरच्या कुणा वडीलधाऱ्यांना गाठा, पणजोबा परत देऊ करा, फुकट किंवा नाममात्र पैशांत. बदल्यात एक पत्र मागा: हा वाडा आमचा, या चार चौकटी आमच्या घरात अमुक पिढीपासून होत्या, वाडा पाडताना त्या विकल्या गेल्या, त्याला आमची हरकत नाही. हिस्सेदार जितके असतील तितक्यांच्या सह्या. भंगारवाल्याकडून तारीख घातलेली पावतीही घ्या, साध्या कागदावर असली तरी चालेल.

हे एवढ्या आग्रहानं का सांगतोय? कारण लिलावगृह चित्र विकतं तेव्हा ते चित्राचा प्रवासही विकतं. कुणी काढलं, कुणी घेतलं, कुठे टांगलं होतं, आपल्यापर्यंत कसं आलं. या धंद्यात त्याला प्रॉव्हेनन्स म्हणतात आणि चांगल्या चित्राची निम्मी किंमत त्यातच असते. हुसेन यांचं १९५४ मधलं 'ग्राम यात्रा' मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात १ कोटी ३७ लाख डॉलरच्या वर, म्हणजे सुमारे ११८ कोटी रुपयांना गेलं. चित्र मोठं आहेच. पण त्याचबरोबर, त्या काळी दिल्लीत असलेल्या एका डॉक्टरांनी ते घेतलं, नंतर ओस्लोच्या इस्पितळाकडे गेलं आणि पुढची सगळी वर्षं तिथेच राहिलं, हा प्रवास सरळ होता. मधे कुणी बनावट घुसवायला फटच नव्हती. तुमच्या चित्राचा प्रवास 'भंगारवाल्याकडून घेतलं' इथे सुरू होत असेल, तर कॅटलॉग लिहिणारी व्यक्ती पेन खाली ठेवते.

दुसरं कारण भाऊबंदकीचं. कॅटलॉगमध्ये चित्र छापून आलं, कुणीतरी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, की आठवड्याभरात वकिलाची नोटीस येते. मालकीचा वाद आला की लिलावगृह तो लॉट, म्हणजे लिलावात मांडलेली ती वस्तू, काढून घेतं, आणि एकदा असा काढलेला लॉट पुन्हा कुणी सहजासहजी घेत नाही.

त्या घरात विचारताना आणखी एक विचारा: घरातलं कुणी जे. जे. स्कूल ऑफ आर्टला होतं का, औंध संस्थानच्या नोकरीत होतं का? औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, चित्रकारांना आश्रय देणारे होते. १९३८ मध्ये उभं राहिलेलं औंधचं भवानी संग्रहालय आजही बघता येतं. सातारा भागातल्या वाड्यात बॉम्बे स्कूलचं, म्हणजे जे. जे.त घडलेल्या चित्रकारांच्या वळणाचं, चांगलं चित्र निघणं हा काही चमत्कार नाही. पण नातं सांगता आलं तर ते लिहून घ्या. तोंडी गोष्टीला भाव नाही.

आता जलरंग. इथे तीन शक्यता आहेत आणि त्यांतल्या दोन वाईट आहेत.

पहिली वाईट शक्यता: ते छापील पान आहे. धुरंधर हे जे. जे.त घडलेले नामांकित चित्रकार, आणि त्यांनी पुस्तकांसाठी खूप चित्रं काढली. किंकेडचं डेक्कन नर्सरी टेल्स, रॉथफेल्डचं विमेन ऑफ इंडिया, शिवाय पोस्टकार्डं. लोकांनी ही पानं फाडून काचेत बसवली. सही, सालासकट सगळं छापलेलं. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, नाणी जमवणाऱ्यांकडे असतं तसलं. रंग ठिपक्यांनी बनलेला दिसला तर प्रश्न मिटला. जलरंगात ठिपके नसतात. रंगाची कड थोडी गडद होऊन सुकलेली दिसते, पेन्सिलीची रेघ खालून डोकावते, कागदाच्या खळग्यांत रंग साचलेला असतो.

दुसरी वाईट शक्यता जास्त त्रासदायक आहे. चित्र जुनं, जलरंग खरा, सही मात्र नंतरची. महाराष्ट्रात या प्रकाराला कच्चा माल मुबलक आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटपासून जे. जे.च्या डिप्लोमापर्यंत पिढ्यान् पिढ्या विद्यार्थ्यांनी घाट, देवळं, पाणवठे, पगडीवाले म्हातारे जलरंगात काढले. त्यांतली कित्येक फार सुंदर आहेत, आणि जवळजवळ सगळ्यांवर नाव नाही, असलं तर कुणाला माहीत नाही. अशा अनाम चित्रावर धुरंधर किंवा जलरंगांसाठी गाजलेले हळदणकर, एवढं नाव लिहिलं की हजाराचे लाख होतात असं काही लोकांना वाटतं. म्हणून सही शेवटी बघायची. आधी चित्र बघायचं. धुरंधर माणसांच्या गर्दीचे चित्रकार. लुगड्याचा काठ, कमरेचा बाक, डोक्यावरच्या घागरीमुळे मानेला आलेला ताठपणा, हे त्यांच्या हातात इतकं मुरलं होतं की घाईच्या स्केचमध्येही चुकत नाही. तुमच्या चित्रातल्या बायकांचे पाय जमिनीला टेकलेत का ते बघा. नकलाकार चेहऱ्यावर मेहनत घेतो आणि पायांशी उघडा पडतो.

मग सही. भिंगाखाली ती रंगाच्या थरात मिसळलेली हवी. कागदावरच्या जुन्या तांबूस डागावरून, भेगेवरून किंवा ओरखड्यावरून ती धावत गेलेली दिसली तर डाग आधीचा आणि सही नंतरची. अतिनील किरणांची टॉर्च काही शे रुपयांत मिळते. तैलचित्रांत ती फार उपयोगी, कारण जुनं व्हार्निश हिरवट चमकतं आणि त्यावर नंतर लावलेला रंग काळा ठिपका होऊन दिसतो. जलरंगात तिचा उपयोग मर्यादित, पण कागदाला पांढरेपणा आणणारी आधुनिक रसायनं असतील तर कागद निळसर झगमगतो. १९१९ चा कागद तसा झगमगला तर तो १९१९ चा नाही.

आणि चौकटीची मागची बाजू. ती उघडू नका, खरवडू नका, 'घाण झालीय' म्हणून पुठ्ठा फेकू नका. फ्रेम करणाऱ्या दुकानाचं लेबल, बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनाची चिठ्ठी, तिच्यावरचा क्रमांक आणि किंमत, एखाद्या वर्तमानपत्राचा तुकडा, हे सगळं पुरावा असतं. सोसायटी १८८८ पासूनची. तिच्या प्रदर्शनांच्या यादीशी चिठ्ठीवरचा क्रमांक जुळला तर मग सहीबद्दल कुणी फारसं विचारत नाही. मी स्वतः कुठल्याही चौकटीचा आधी पाठीचा फोटो मागतो, पुढचा नंतर.

'घरच्यांचं प्रमाणपत्र आणा' असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. चित्रकाराच्या वारसांचं मत मोलाचं असतं, पण शंभर वर्षांपूर्वीच्या चित्राबाबत ते अखेर मतच. पैसे घेऊन प्रमाणपत्र लिहून देणारे दलाल आणि 'निवृत्त प्राध्यापक' तर भरपूर. सय्यद हैदर रझा २००९ मध्ये दिल्लीत स्वतःच्या जुन्या चित्रांच्या प्रदर्शनाला गेले आणि भिंतीवरची बरीच चित्रं आपली नाहीतच असं त्यांना तिथे सांगावं लागलं. हयात चित्रकाराच्या बाबतीत हे होतं, तर १९४४ मध्ये गेलेल्या धुरंधरांचं काय! चांगली लिलावगृहं प्रमाणपत्रापेक्षा स्वतःच्या तज्ज्ञावर, जुन्या लिलावांतल्या तुलनेवर आणि तुम्ही आणलेल्या त्या कौटुंबिक पत्रावर जास्त भिस्त ठेवतात.

चित्राला तोवर हात लावू नका. ब्रेडच्या तुकड्यानं, बटाट्यानं, काच पुसायच्या स्प्रेनं चित्र 'साफ' करणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्याहून वाईट लॅमिनेशन. एकदा लॅमिनेट झालं की ते चित्र राहत नाही. वाईच्या पावसात बुरशी आली असेल तर भिंतीपासून लांब, हवेशीर कोरड्या खोलीत आडवं ठेवा, एवढंच. साफसफाई करायचीच असेल तर ती लिलावगृहानं चित्र स्वीकारल्यावर, त्यांना विचारून, कागदाचं काम जाणणाऱ्या संवर्धकाकडून.

१९१९ या सालाचा आणखी एक अर्थ आहे, आणि तो कायद्याचा. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनं चित्र पुरावस्तू ठरतं. म्हणजे चित्र खरं असेल तर ते भारताबाहेर विकता येणार नाही, पाठवता येणार नाही, मुलीकडे न्यू जर्सीला भेट म्हणूनही नाही. अशा चित्रांची भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करावी लागते आणि मालक बदलला की तेही कळवावं लागतं. बहुतेक लिलावगृहं हे काम करून देतात. कॅटलॉगात अशा लॉटपुढे 'निर्यात करता येणार नाही' अशी खूण असते. त्याचा परिणाम किमतीवर होतो, कारण परदेशातले खरेदीदार आपोआप बाहेर पडतात. उलट इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर तेव्हाच विलायतेला गेलेलं धुरंधरांचं चित्र तिथल्या गावातल्या लिलावात निघालं, तर त्याला हे बंधन नाही. म्हणून लंडनच्या निकालातला आकडा बघून वाईच्या चित्राची किंमत मनात धरू नका.

इथे अनेकांचा गोंधळ होतो म्हणून सांगतो: वय कितीही असो, निर्यातीला पूर्ण बंदी असलेले चित्रकार नऊ आहेत. राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ टागोर, नंदलाल बोस, जामिनी रॉय, निकोलस रोरिख आणि शैलोज मुखर्जी. धुरंधर त्यांत नाहीत, हळदणकर नाहीत, गायतोंडेही नाहीत. आणि हो, वाड्यातून उद्या हस्तिदंतावरचं एखादं लघुचित्र किंवा देवघरातली दगडी मूर्ती निघाली तर 'बघू, ऑनलाइन टाकू' असं करू नका. हस्तिदंताचा व्यापार वन्यजीव कायद्यानं बंद आहे आणि जुन्या मूर्तीची नोंद नसेल तर विकणारा आणि घेणारा दोघेही अडकतात.

आता लिलावगृह कोणतं? मुंबईत सॅफ्रनआर्ट २००० पासून आहे, अस्तगुरू २००८ पासून, आणि १९६३ पासून गॅलरी चालवणाऱ्या पंडोलेंनी २०११ मध्ये लिलाव सुरू केले. क्रिस्टीजनं २०१३ मध्ये आणि सदबीजनं २०१८ मध्ये मुंबईत लिलाव घेतले, पण तुमच्यासारख्या एका चित्रासाठी ते दार ठोठावण्यात अर्थ नाही. मोठ्या नावांच्या सायंकाळच्या लिलावांत गायतोंडे, तय्यब मेहता, हुसेन, रझा यांच्या शेजारी एक जलरंग हरवून जातो. २०२३ मध्ये शेरगिल यांचं चित्र ६१ कोटी ८० लाखांना गेलं त्या दिवशी खोलीतल्या कुणाचंही लक्ष कागदावरच्या पाणवठ्याकडे नसतं. तुम्हाला हवा तो विषयाला धरून बांधलेला लिलाव: बॉम्बे स्कूल, आधुनिकपूर्व काळ, कागदावरची कामं. तिथे येणारे पंधरा-वीस संग्राहक नेमके हेच शोधत असतात, आणि लिलावाला मुळात चुरस करणारे दोन लागतात. २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांचं मोठं प्रदर्शन झालं, तेव्हापासून त्यांच्या कामाकडे बघणारे डोळे वाढलेत, हे तुमच्या बाजूचं.

ईमेल लहान लिहा. पुढचा फोटो, मागचा, सहीचा, नुकसान झालेल्या जागांचा; दिवसाच्या उजेडात, काचेत स्वतःचं प्रतिबिंब न पाडता. मापं सेंटिमीटरमध्ये, चौकट सोडून. कुठून मिळालं ते दोन ओळीत. 'अतिदुर्मीळ', 'म्युझियम क्वालिटी', 'किमान पन्नास लाख' असं काहीही लिहू नका. असले शब्द वाचले की तिथल्या माणसाला लगेच कळतं की पुढची चर्चा कटकटीची होणार. कितीला मिळालं हे सांगायची गरज नाही, पण विचारलं तर खोटं बोलू नका. एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी विचारायला हरकत नाही. पण एकाला होकार दिल्यावर दुसरीकडे फिरवत राहू नका, हे जग फार छोटं आहे. आणि मूल्यांकनासाठी, 'नोंदणी'साठी किंवा 'परदेशी ग्राहकाला दाखवण्यासाठी' कुणी आगाऊ पैसे मागितले तर फोन ठेवून द्या.

चित्र घेतलं तर ते एक एस्टिमेट, म्हणजे अंदाजे किमतीचा पल्ला, देतील, समजा दीड ते अडीच लाख. आणि एक रिझर्व्ह ठरेल, म्हणजे ज्याच्या खाली ते विकायचं नाही अशी गुप्त किंमत. ती खालच्या एस्टिमेटइतकी किंवा त्याहून कमी असते. विकणारा हटकून इथेच ओढ लावतो: रिझर्व्ह तीन लाख ठेवा, खाली देणार नाही. माझा सल्ला बरोबर उलटा आहे. रिझर्व्ह खाली ठेवा, एस्टिमेट मोहात पाडणारं ठेवा. कमी आकडा बघून लोक हात वर करतात, एकदा बोलीत उतरलेला माणूस सहजी मागे हटत नाही, आणि चित्र खरं असेल तर किंमत आपल्या पायांनी वर चढते. रिझर्व्ह जास्त ठेवला आणि चित्र विकलं गेलं नाही, तर ते निकालांच्या याद्यांत कायमचं नोंदलं जातं. पुढच्या वर्षी तुम्ही दुसरीकडे नेलं की तिथला तज्ज्ञ ते शोधून काढणार आणि विचारणार, तेव्हा का नाही गेलं? न विकलं गेलेलं चित्र दोन-तीन वर्षं घरात ठेवावं लागतं, मगच ते पुन्हा ताजं वाटतं. लग्नाच्या बाजारात दोनदा बोलणी मोडलेल्या स्थळाचं होतं तसंच.

हातात किती येतं ते एका उदाहरणानं सांगतो. हातोडा २ लाखांवर पडला, म्हणजे शेवटची बोली तेवढी. तुमच्याकडून कमिशन १० टक्के धरा, २०,०००. त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, ३,६००. विमा एक टक्का, २,०००. वाहतूक आणि फ्रेमचं काम मिळून ६,०००. उरले १,६८,४००. खरेदीदार मात्र २ लाखांवर २० टक्के प्रीमियम (लिलावगृहाचा त्याच्याकडून घेतलेला आकार) भरून २,४०,००० देतो, वर त्याचा जीएसटी वेगळा. तो बोली लावताना हा शेवटचा आकडाच डोक्यात धरतो, म्हणजे ते ४०,००० अप्रत्यक्षपणे तुमच्याच खिशातून गेले. कमिशनवर घासाघीस होते, विशेषतः चित्र चांगलं असेल तर. फोटोचा खर्च, विमा, न विकल्यास आकार, मधेच काढून घेतल्यास दंड: करारातली ही चार कलमं सही करण्यापूर्वी वाचा. न विकल्यावर परत नेण्याचा खर्च कोणाचा, हे तर आवर्जून. माझ्या ओळखीतल्या एकाला न विकलेल्या तीन चित्रांच्या साठवणुकीचं बिल चित्रांच्या किमतीएवढं आलं होतं.

खरं, स्वच्छ, निर्विवाद धुरंधर जलरंग असेल तर काही लाखांची अपेक्षा रास्त आहे. विषय, आकार आणि कागदाची अवस्था यांनी तो आकडा दुप्पट होतो किंवा अर्धा. 'यांचं मानलं जाणारं' असा शेरा कॅटलॉगमध्ये पडला तर त्याच्या एक दशांशही कठीण.

रविवर्मा छाप. ही चित्रं म्हणजे ओलिओग्राफ, शिळाप्रेसवर अनेक रंगांत छापलेली. रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. १९७२ मध्ये तो जळाला. त्यामुळे 'रविवर्मा' म्हणजे एकच गोष्ट नाही. सुरुवातीचे छाप, श्लायशरच्या काळातले भरमसाट छाप, मोती बाजारच्या अनंत शिवाजी देसाई यांच्या नावानं वितरित झालेले, पुण्याच्या चित्रशाळेचे (तो छापखाना १८७८ चा, रविवर्मांच्याही आधीचा), आणि नुसत्या शैलीवरून लोक रविवर्मा म्हणतात ते जर्मनीत छापलेले. खालच्या कडेची ओळ वाचा. फ्रेमवाल्यानं माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची पट्टी) लावून ती झाकली असेल तर माउंटची पट्टी उचलून बघा, पण चिकटलेली असेल तर जोर लावू नका. एवढा एक अपवाद सोडला, तर चौकट उघडायची नाही हा नियम इथेही लागू.

नकली ओळखायला पुन्हा तेच भिंग. शिळाछापात रंगाचे ठिपके वेडेवाकडे, हातानं टिपल्यासारखे दिसतात. आजच्या ऑफसेटमध्ये चार रंगांचे ठिपके नेमक्या गोल गुच्छांत बसलेले असतात. चहाच्या पाण्यात बुडवून पिवळे केलेले ऑफसेट छाप मुंबईच्या चोर बाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात पैशाला पासरी मिळतात. जुन्या सागवानी चौकटीत बसवले की ते अधिकच जुने वाटतात, म्हणून चौकटीवरून कधीच अंदाज बांधू नका.

तुमची जरीची लक्ष्मी मला जलरंगापेक्षाही आधी बघायला आवडेल. छापावर जर, टिकल्या, मणी चिकटवून ते सजवायचं काम घरातल्या बायका करत. प्रत्येक चित्र वेगळं होतं, म्हणून संग्राहकांना ते साध्या छापापेक्षा जास्त भावतं. जर काळवंडली असेल तर ती तशीच राहू द्या. पितांबरी लावून चमकवलेली जर बघितली की डोक्याला हात लावावासा वाटतो. नेहमीच्या लक्ष्मी-सरस्वती साध्या रूपात काही हजारांपासून काही दहा हजारांपर्यंत जातात. दुर्मीळ विषय, कडा न कापलेला पूर्ण कागद किंवा चांगली सजावट असेल तर लाखाच्या आसपासही. मोठ्या लिलावगृहाला एकटी-दुकटी छापील चित्रं परवडत नाहीत, पण छाप आणि कागदी वस्तूंसाठी वेगळा ऑनलाइन लिलाव बांधला जातो तेव्हा ती तिथे बसतात. दुसरा साधा छाप थेट एखाद्या संग्राहकाला द्या. दोन टक्के जास्त मिळवायला तीन महिने थांबण्यासारखी ती वस्तू नाही.

करांचं थोडक्यात. चित्रं, शिल्पं, कलाकृती या आयकराच्या दृष्टीनं 'घरगुती वापराच्या वस्तू' नाहीत, त्यांच्या विक्रीवर भांडवली नफा लागतो. चोवीस महिन्यांच्या आत विकलं तर नफा तुमच्या उत्पन्नात मिळून तुमच्या टप्प्यानुसार कर. त्याहून जास्त ठेवलं तर साडेबारा टक्के. म्हणजे जलरंगावर चांगला नफा दिसत असेल तर दोन वर्षांहून थोडा जास्त काळ त्या घराण्याचं पत्र, जे. जे.ची माहिती, प्रदर्शनाच्या याद्या जमवण्यात घालवणं दोन्ही अंगांनी फायद्याचं. मात्र दर महिन्याला वाडे धुंडाळून माल आणू लागलात तर आयकर खातं त्याला धंदा म्हणेल, आणि जुन्या चित्रांचा धंदा करायला पुरावस्तू कायद्याखाली परवाना लागतो. आणखी एक कलम क्वचितच कुणाला आठवतं: कॉपीराइट कायद्याच्या ५३अ प्रमाणे दहा हजारांवरच्या पुनर्विक्रीत चित्रकाराचा किंवा वारसांचा दहा टक्क्यांपर्यंत वाटा मागता येतो, पण कॉपीराइट चालू असेपर्यंतच, म्हणजे मृत्यूनंतर साठ वर्षं. धुरंधरांची मुदत संपली आहे. १९६८ मध्ये गेलेल्या हळदणकरांची २०२८ अखेरीपर्यंत आहे.

पैसे लिलावाच्या दिवशी येत नाहीत. खरेदीदारानं भरल्यावर साधारण महिना-दीड महिन्यात येतात, आणि खरेदीदार फिरला तर काय, हेही करारात असतं. पॅन, बँकेचा रद्द केलेला चेक आणि ती भंगारवाल्याची पावती एका पाकिटात घालून ठेवा. हे पाकीट तयार नसल्यामुळे पैसे अडकलेले विक्रेते मला दर हंगामात भेटतात.